खडी की सॉईल

३ मार्च, मंगळवार

दुसरी गाठ आली! मनगटाच्या वर, आतल्या बाजूला. बोटावरची पहिली आहे तशीच — जांभळट, वाटाण्याएवढी. दाबली तरी दुखत नाही. दुखत नाही हेच वाईट. आईची काखेतली गाठही दुखत नव्हती. "दुखत नाही ना, मग सोडा," असं तीच म्हणायची, आणि आम्ही सोडलं.

ह्यांना म्हटलं, गळू असेल. "बरं," म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं. धन्य आहे माणूस!

५ मार्च

आपल्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे नवे डॉक्टर तरुण आहेत, बोलतात मोजकं. "या बोटाला आधी काही लागलं होतं?" मी ताडकन म्हटलं, कात्री. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग टेबलावर असते मी, दिवसभर हातात कात्री. बोटांना काय कमी लागतं! त्यांनी लिहून घेतलं. मग बोट बधिर करून एक तुकडा काढला, तपासायला पाठवला.

कसला संशय आहे, हे विचारायचं पक्कं ठरवून गेले होते. तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर टाके कधी काढायचे! भित्री भागूबाई.

६ मार्च

झोप नाही. कामावर दोनदा माप चुकलं.

८ मार्च, रविवार

हॉलमधला माशांचा नवा टँक कोरडाच पडलाय. जुना थंडीत गळायला लागला, तेव्हा केवढा राडा झाला होता! सगळी खडी बादलीत उपसली, नळाखाली हाताने घुसळली, एका टोकदार खड्याने बोट कापून घेतलं, आणि इतकं करून शेवटी ती फेकूनच दिली. मासे तेव्हापासून दुकानात ठेवलेत.

आज ठरवलं, टँक भरायचा. घरी बसून हाताकडे बघत बसण्यापेक्षा बरं. पण आधी तळाला काय घालायचं ते ठरायला हवं. वर झाडं कशी येणार ते सगळं तळावर.

१४ मार्च

टाके काढले. रिपोर्ट अजून नाही. तिथूनच माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराला आम्ही 'बुडबुडे' म्हणतो. बोलता बोलता मध्येच ओठांचा चंबू करून थांबतो, अगदी त्याच्या माशांसारखा.

"सॉईल घ्या ताई," म्हणाला. "भाजलेल्या मातीच्या गोळ्या असतात. झाडं नुसती धावतात. फक्त पहिले काही आठवडे मासे सोडायचे नाहीत, पाणी तापट असतं तिचं. आणि दोन वर्षांनी दम संपतो, मग सगळं उपसून नवी घालायची."

"आणि खडी?"

"खडीत झाडं रडत रडत वाढतात. पण एकदा घातली की जन्मभर बघायला नको!"

जन्मभर. मी तिथेच त्याच्या पिंपाला धरून उभी राहिले. दोन वर्षांनी उपसणार कोण? हे? ह्यांच्या हातून प्लॅस्टिकचं झाडही सुकेल! मी नसले तर हा टँक ह्यांच्याच गळ्यात पडणार. मग असं काहीतरी हवं, ज्याला हात लावायची वेळ येऊ नये.

खडी घेतली. बारीक, करडी. घरी आणून दाराशी ठेवली आणि मोरीत जाऊन रडले.

१६ मार्च

रिपोर्ट आला. "सूज दिसते, पण कशाची ते स्पष्ट होत नाही," म्हणाले. आता मोठा तुकडा काढायचा, चोवीसला. म्हणजे? "म्हणजे आत्ता काही सांगता येत नाही." चेहऱ्यावरची रेघ हलली नाही त्यांच्या. मला तर वाटतं, सांगता येतं पण सांगत नाहीत.

कोपराखाली तिसरी आहे. डॉक्टरांनीच शोधली. खालून वर एका रांगेत चालल्यात. आता पुढे काख.

१७ मार्च

भीती वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

२० मार्च

कामावरून आले तर दाराशी खडी नाही! तिच्या जागी दोन पोती, वर काळ्या अक्षरात सॉईल. हे सोफ्यावर, पेपरासकट.

मी अशी काही भडकले! कोणी सांगितलं होतं? "खडीत झाडं रडतात म्हणाला तो. तुला झाडं हवीत ना?" दोन वर्षांनी उपसावी लागते, माहितीये का तुम्हाला? "माहितीये. उपसू. पोती मी उचलीन, तू नुसती बाजूला उभी राहून ओरड."

मग पेपर खाली ठेवून म्हणाले, "पेपर वाचतो कुठे मी? वरून तुझा हात बघत असतो रोज. काल तिसरी दिसली."

म्हणजे इतके दिवस दोघंही एकाच खोलीत बसून एकटे घाबरत होतो. वेडे कुठले! मग पोत्यांना टेकून दोघं जमिनीवरच बसलो. जेवणाचं भान राहिलं नाही.

२३ मार्च

उद्याच्या भीतीने कशातच मन लागेना, म्हणून सुट्टी घेतली आणि टँक लावायला बसले. उजव्या हाताला ह्यांनी प्लॅस्टिकची पिशवी बांधली, वरून रबर. सगळं डाव्या हाताने.

पण मी झाडं निवडत होते तोवर ह्यांनी काय केलं? अर्धं पोतं नळाखाली धरून तांदळासारखं खसाखसा धुतलं! सॉईल धुवायची नसते हो! गोळ्या फुटून नुसता चिखल. "खडी तू धुतलीस, मग ही का नाही?" असा वर प्रश्न. बादलीभर काळं लोणी. फेकवेना, म्हणून तेच तळाला थापलं, वर कोरड्या गोळ्या पसरल्या. माझा डावा हात मनगटापर्यंत काळा. नखांतून तर ब्रशनेही निघेना.

हसले. किती दिवसांनी! आणि लगेच उद्याची आठवण आली.

२४ मार्च

डॉक्टरांनी ताडून बघायला दुसरा हातही मागितला. नखांपाशी थांबले. "हे काळं काय?" लाज वाटली. म्हटलं, माशांच्या टँकची माती.

त्यांनी सुई खाली ठेवली. "मासे पाळता? त्या पाण्यात कधी हात कापला होता?"

खडी! थंडीतली ती खडी! कात्री नव्हेच!

"पाण्यातला एक जंतू असतो," म्हणाले. "रांगेने असाच वर चढतो. मुद्दाम सांगितल्याशिवाय कोणी त्याची तपासणी करत नाही. आज त्यासाठीच तुकडा घेतो. तोच असेल, आणि मला तोच वाटतोय, तर गोळ्यांनी जातो. महिने लागतील, पण जातो."

बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. हे तिथेच, सगळ्यांसमोर, माझा काळा हात घट्ट धरून बसले. माझी काळी नखं निरखून म्हणाले, "आणि तू म्हणे, सॉईल धुवायची नसते!"