बाबांच्या पाठीपुरती नखं

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना दोन्ही हात मागे लपवले आहेत. का, ते पुढे कळेलच.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, निदान ठीक असल्यासारखे वागतो आहोत. तुझी सर्दी गेली का? नव्या ऑफिसातला पंखा अजून कुरकुरतो का? बढतीवर बदली झाली की माणसाला मोठं टेबल आणि वाईट पंखा मिळतो, असं बाबांचं म्हणणं आहे. पत्र बघून दचकू नकोस. हे फोनवर बोलता आलं नसतं, कारण तुझा फोन आला की बाबा माझ्या कानाला कान लावून बसतात. मेसेज करावा तर नख नुसतंच काचेवर टकटक वाजतं, अक्षर काही उमटत नाही. हो, नख. बालवाडीपासून दातांनी नखं कुरतडत आलेल्या तुझ्या भावाला नखं आली आहेत. तीही चांगली, दहाच्या दहा.

याचं मूळ तुझ्या निघण्याच्या गडबडीत आहे. रिक्षात बसताना तू औषधांच्या वेळा सांगितल्यास, गॅसचं बटण सांगितलंस आणि शेवटी म्हणालीस, "बाबांची पाठ तेवढी बघ." मला वाटलं, पाठ ती काय बघायची? बाबांनी जन्मभर पहाटेची पहिली बस चालवली, त्यामुळे अजूनही दिवेलागणीला जेवून खिडकीकडे तोंड करून आडवे होतात, तू शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून नखं फिरवतेस आणि तू उठेपर्यंत ते घोरायला लागलेले असतात, हे मी बाहेरच्या खोलीतून वर्षानुवर्षं बघत आलो होतो. पण भिंतीवरचं घड्याळ आपण बघतो तसं, म्हणजे न बघताच. तू गेल्यावर पहिल्या संध्याकाळी मी तुझ्या जागी बसलो, हात फिरवला, तर बाबा म्हणाले, "उशी फिरवतोयस का रे?" बरोबरच होतं. माझ्या बोटांना पुढे नुसतं मांस. मग बाजारातून पाठ खाजवायचा लाकडी हात आणला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि "याला काय कळतंय?" म्हणून परत दिला. मग हिने पदर खोचून "मी बसू का, बाबा?" विचारलं, तर त्यांनी चादर थेट गळ्यापर्यंत ओढली. सुनेकडून पाठ खाजवून घ्यायची त्यांना लाज वाटते. तेव्हापासून त्यांची झोपच गेली, ताई. खाटेच्या कडेला बसून राहायचे आणि दिवसा हातात घास धरूनच डुलक्या घ्यायचे. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि काहीही झालेलं नाही म्हणाले. शर्टाची सैल कॉलर त्यांच्या गळ्यात दुसऱ्या कुणाची असावी तशी दिसायला लागली. मी घाबरलो. आणि माणूस घाबरला की एरवी नखं खातो, मी मात्र ती वाढवायला घेतली.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तेव्हा आधी खोड मोडणं आलं. समोरच्या काकूंकडे सल्ला मागितला. (हीच पहिली चूक. काकूंना घरगुती उपाय विचारणं म्हणजे नळ सोडून बाहेरगावी जाण्यासारखं आहे.) त्यांनी नखांना कारल्याचा रस लावायला सांगितला, म्हणजे तोंडात घातलं की अद्दल घडेल. अद्दल घडली, पण आठवड्याभरात मला ती चव आवडायला लागली. आता कारल्याची भाजी गोड लागते आणि ही म्हणते, आधी अशी भाजी खाल्ली असतीत तर संसार सुखाचा झाला असता. मग झोपताना कोमट खोबरेल तेल नखांच्या मुळाशी चोळून वर सुती मोजे घालायचे ठरलं. हातमोजे घरात नव्हते म्हणून पायमोजे घातले. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, मी तसाच दार उघडायला गेलो, आणि तेव्हापासून तो पातेलं माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवतो. लिंबाच्या सालीने नखं उजळतात हे खरं आहे, फक्त बोटाला कुठेही चीर नसावी, हे काकू मी ओरडल्यावर बोलल्या. नखं एकाच दिशेने घासायची, मुळाजवळची कातडी ओढायची नाही, आणि भांडी घासताना रबरी मोजे घालायचे, असंही त्यांनी बजावलं. तो मोज्यांचा सल्ला हिला इतका पटला की आता भांडी रोज मीच घासतो.

लसणाने काय झालं ते मात्र मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. लसूण चोळला की नखं टणक होतात हे काकूंनी दारातूनच ओरडून सांगितलं, मी चोळला, आणि तसाच दुकानात गेलो. तुला माहीतच आहे, चष्म्याच्या दुकानात माझं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवायचा, कानामागे काडी बसवायची आणि अगदी जवळून "दिसतंय का?" विचारायचं. त्या दिवशी गिऱ्हाइकं दिसतंय-नाही दिसतंय काहीच न सांगता मान मागे न्यायला लागली. मालकांनी मला आत बोलावून फोडणीचा धंदा सुरू केलास का, असं विचारलं. म्हणून लसूण बंद केला आणि दिवसाही तेलच सुरू ठेवलं. आता तेल लावलेल्या बोटांनी भिंग धरलं की काय होतं? एक निवृत्त मास्तर नवा चष्मा घालून गेले आणि संध्याकाळी परत आले. मी पैसे परत करायला गल्ला उघडला. पण ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात सांगायला लागले की रस्त्यावरचे दिवे फुलांएवढे मोठे झाले आहेत, झाडांना कडाच राहिल्या नाहीत, आणि बायको दारात उभी होती ती लग्नाच्या वेळी दिसायची तशी दिसली. मी भिंगं उजेडात धरली, माझ्या बोटांचे ठसे पाहिले आणि मुकाट्याने पुसून दिली. त्यांनी चष्मा लावला, दुकानभर नजर फिरवली आणि पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "आधीचाच नंबर बरा होता हो." ते गेल्यावर कितीतरी वेळ मी काउंटरला टेकून उभा होतो. वाटलं, आपण उगाच लोकांना स्पष्ट दाखवत बसतो.

खरं सांगू, नखं वाढायला लागली तसा मी जरा निवांतच झालो. नखाला घाई करता येत नाही. तेल लावा, लिंबू लावा, आणि मग गप्प बसा. मुळाशी पांढरी चंद्रकोर असते, ती मला पूर्वी कधी दिसलीच नव्हती. दुपारी दुकानात कुणी नसलं, शटर अर्धं ओढलेलं असलं की मी दोन्ही हात काचेवर पालथे ठेवून ते दहा चंद्र बघत बसायचो. बाहेर ऊन, आत भिंतीवर शेकडो चष्मे, ते सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी नखांकडे. मालकांना वाटलं मी प्रेमात पडलो. त्यांनी तसा हिला फोनही केला. (त्यावर घरात जे झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण हिने नंतर माझे हात हातात घेऊन नखं नीट पाहिली आणि "छान आलीत" म्हणाली. लग्नानंतर तिने माझ्या एखाद्या अवयवाचं कौतुक करण्याची ही पहिलीच वेळ.)

शेवटी एका संध्याकाळी मी तुझ्या जागी बसलो. खिडकीत अजून उजेड होता, पडदा सावकाश आत-बाहेर होत होता. मी नखं फिरवायला लागलो. बाबा अगदी शांत पडले होते, श्वास लांबला, मी मनातल्या मनात काकूंचे पाय धरले. आणि बाबा म्हणाले, "चुकलास." म्हटलं, कुठे? तर म्हणाले, "इथून डावीकडे वळायचं होतं." स्वप्नात असतील म्हणून मी पुढे चालू ठेवलं. थोड्या वेळाने म्हणतात, "वळसा का घेतोयस? रस्ता खोदलाय का?" दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तर "थांब, थांब, लोक चढतायत" म्हणून त्यांनी खांदाच उचलला. ही दारात कपड्यांच्या घड्या करत उभी होती. ती म्हणाली, "अहो, ते पाठ खाजवून घेत नाहीयेत. ते गाडी चालवतायत."

मी सकाळी बाबांना सरळच विचारलं. त्यांनी आधी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मग त्याच्या मागूनच म्हणाले की तू लहान असताना त्यांच्याच बसने शाळेत जायचीस आणि सुट्टीच्या दिवशीही बसमध्ये बसायचं म्हणून रडायचीस, घरी बस कुठली असणार, म्हणून त्यांनी पाठ दिली. तेव्हापासून तू रोज त्यांची गाडी काढत आलीस आणि घरात कुणाला कळलंही नाही! मी जवळच्या शाळेत चालत जाणारा, मला तुमचा रस्ता कुठून ठाऊक असणार? मग बाबांनी माझं बोट धरून जेवणाच्या टेबलावर रस्ता शिकवला. उजव्या खांद्यावर डेपो, तिथून खाली बाजार, पोस्टापाशी डावं वळण, मग मणक्यालगतचा लांब सरळ रस्ता, कमरेपाशी पूल, पुलापलीकडे तुझी शाळा आणि मग शेवटचा थांबा. शिकवताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता की कॉलरसुद्धा पुन्हा त्यांचीच वाटली.

तर आता रोज दिवेलागणीला मी गाडी काढतो. बाजारात हळू, सरळ रस्त्यावर जरा जोरात. खोलीतला उजेड कमी होत जातो, भांडी घासून झालेली असतात, आणि मलाच कधीकधी वाटतं की खिडकीबाहेरून झाडं मागे जातायत. बाबा झोपतात. तेव्हा काळजी नसावी. नोकरी नीट कर, पंख्याला तेल घाल (नखांचं उरलेलं पाठवू का?) आणि रजा वाया घालवून इकडे यायची मुळीच गरज नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबा झोपतात असं वर लिहिलंय, ते पुलापर्यंतच खरं आहे. पुलानंतर शाळा आली की ते डोळे उघडतात आणि विचारतात, "उतरली का?" मी हो म्हणतो. ते म्हणतात, "मला आरशात दिसली नाही." तू फाटकातून आत जाईपर्यंत ते आरशात बघत थांबायचे म्हणे, मागे गाड्या हॉर्न वाजवत असल्या तरी. मग पुढे ते झोपत नाहीत, आणि गाडी तिथेच उभी राहते. तर त्या जागी तू नक्की काय करायचीस? नख टेकवायचीस, की दोन टिचक्या मारायचीस? उलट टपाली कळव, म्हणजे मी तसं करीन.

ता. क. २. हिने वरचं वाचलं. म्हणाली, टिचक्या काय विचारताय, यायला सांगा. मी म्हटलं, तिला नव्या ऑफिसात लगेच रजा कोण देणार? तर तिने पत्र पुन्हा माझ्यापुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण काढून दिलं.

ता. क. ३. पाकीट बंद करायला घेतलं आणि बघतो तर उजव्या तर्जनीचं नख नाही. पाकिटाला अडकून तुटलं असं लिहिणार होतो. खरं सांगतो, दातांनीच गेलं. काल बाबांनी पुन्हा विचारलं, "उतरली का?" आणि मला हो म्हणवेना. ये, ताई. एका शनिवार-रविवारपुरती का होईना, ये आणि तुझ्या थांब्यावर उतर. येताना नखं कापू नकोस.