पाठ करडी, पोट पिवळं

४ ऑक्टोबर

पुस्तक चुकलं! दुकानात उभ्या उभ्या चाळलं तेव्हा काय छान वाटलं होतं — जाडजूड, गुळगुळीत पानं, जिकडे तिकडे पक्षीच पक्षी. घरी आणून मास्तरांच्या मांडीवर ठेवलं तर मांडीच दबली. ते डाव्या हाताने पान उलटायला गेले, तर सगळी बदकं एकदम ओलांडून थेट गिधाडांत! उजवा हात अजून कामाचा नाही.

“आवडलं का?” मी विचारलं.

“बरं.”

जळलं मेलं ते बरं. अर्धांगाचा झटका आल्यापासून तेवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली का — बरं. खिडकी लावू का — बरं. बाकी सगळं समजतं, डोळ्यांत दिसतं. तोंडातून येत नाही.

आणि हा माणूस कोण? जगातली प्रत्येक चूक सुधारायचा मक्ता घेतलेला! शाळेत कधी शिकवलं नाही, जन्म गेला नकाशे काढण्यात. मास्तर हे नाव मीच ठेवलं, खोड बघून. भाजीवाल्याची बेरीज, बातम्या वाचणाऱ्या बाईचे उच्चार, माझं तर झाडून सगळं. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो तेव्हा मी “अय्या, बगळा!” म्हटलं, तर “नाही, ती ढोकरी.” तेव्हापासून पक्ष्यांचं नाव काढलं नाही मी. आता तेच पक्षी शोधत दुकानं पालथी घालतेय.

६ ऑक्टोबर

बोलायला शिकवणारी थेरपिस्ट आली होती. वयाने आमच्या लेकीएवढी, पण ठाम. म्हणाली, “जे जिवाभावाचं असतं ना काकू, त्याच्या आधाराने शब्द परत येतात कधी कधी. पण चित्र आणि नाव एकाच पानावर हवं. अक्षर मोठं. आणि उत्तर तुम्ही द्यायचं नाही, वाट बघायची.”

वाट बघायची! मला शिवणाची सुई ओवतानासुद्धा धीर नसतो.

यांचं स्वतःचं जुनं पक्ष्यांचं पुस्तक काढलं. चित्रं सगळी मधोमध कोंबलेली, नावं मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यांनीच ते बाजूला सारलं. हळूच नाही, जोरात.

निघताना तिला दारात गाठून विचारलं, “नाहीच आले शब्द तर?” म्हणाली, “हे सुरुवातीचे महिने मोलाचे असतात, काकू.” म्हणजे काय ते मला कळलं. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

९ ऑक्टोबर

दुर्बीणभाऊजी आले. यांचे पक्षी बघायचे सोबती; गळ्यातली दुर्बीण आंघोळीलाही काढत नसावेत. मी विचारलं, कुठलं पुस्तक घेऊ? झालं! तासभर प्रवचन. फोटोंचं घेऊ नका वहिनी, चित्रांचंच घ्या. फोटोत एकच पक्षी, एकाच दिवशी, एकाच उन्हात. चित्रात नर, मादी, पिल्लू, बसलेला, उडताना, सगळं.

हे मात्र पटलं. फोटो म्हणजे एका गिऱ्हाइकाचा शिवलेला ब्लाऊज. चित्र म्हणजे कागदी कटिंग, कुणालाही बेतता येतं.

“पण कुठल्या भागाचं?” मी म्हटलं. “या जाड्यात तर समुद्रावरचे, बर्फातले, सगळेच आहेत. आमच्या मागे कालवा आहे. कालव्यावर येतं कोण?”

भाऊजी हसले. मग मास्तरांकडे बघून मोठ्याने, “काय हो, कालव्यावर येतं कोण?”

“बरं,” मास्तर म्हणाले.

भाऊजींनी दुर्बीण पुसायला घेतली. बराच वेळ पुसत होते.

१० ऑक्टोबर

फोटोंचंही एक आणलंच. राहवेना.

१४ ऑक्टोबर

लेकीने फोनवर अ‍ॅप पाठवलं. “आई, पुस्तकं सोड. हे आवाज ऐकून नाव सांगतं.” बरं बाई. यांच्या खुर्चीपाशी फोन ठेवला आणि मी मशीनवर बसले, परकराची शिलाई मारत. थोड्या वेळाने बघते तर फोनवर रातवा! भर दुपारी! रात्री कुठेतरी अंधारात बसून कर्रकर्र करणारा पक्षी. बाहेर बघितलं, काही नाही. पुन्हा मशीन चालवलं, पुन्हा रातवा.

माझं मशीन!

मास्तरांकडे बघितलं तर हसत होते. अर्धंच, डाव्या बाजूने. पण हसत होते! मी मग उगाचच शिलाई मारत बसले, बिनधाग्याची. परकर तसाच राहिला.

लेकीला फोन केला तर म्हणते, “बघ, उपयोग झाला ना?” झाला. पण जे यांनी सांगायचं ते फोनच सांगून मोकळा होतो. अ‍ॅप बंद.

१८ ऑक्टोबर

एक ना धड, भाराभर चिंध्या. टेबलावर पुस्तकांचा ढीग. एक जड, एकात नुसते फोटो, एक भाऊजींनी दिलेलं पण भलत्याच प्रांताचं. शब्द एकही नाही.

आज माझा तोल गेला. बदकाच्या चित्रावर बोट ठेवून म्हटलं, “ही घार ना?”

“बरं.”

“आणि हा कावळा मोर आहे?”

“बरं.”

मी पुस्तक आपटलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले. या माणसाच्या “नाही”ला मी आयुष्यभर कंटाळले. पाहुण्यांसमोर “नाही, तसं नव्हतं ते,” माझी गोष्ट अर्ध्यात तोडून “नाही, आधीपासून सांग.” किती वेळा मनात म्हटलं, एकदा तरी मुकाट्याने बरं म्हणा हो! म्हटलं होतं ना? घे आता.

मला तो “नाही” परत हवाय. दुसरं काही नको.

१९ ऑक्टोबर

भाऊजींनी एक पुस्तिका आणून दिली. इथल्याच पक्षी बघणाऱ्यांनी मिळून केलेली, पातळ, पिनांची. फक्त आपल्या भागातले पक्षी. कोण कधी येतो, कुठे बसतो, कधी जातो, सगळं नेमकं. पण चित्रं म्हणाल तर काळी-पांढरी, धुरकट. साळुंकी कुठली नि भारद्वाज कुठला, ओळखू येईल तर शपथ.

म्हणजे जिथे माहिती आहे तिथे रंग नाहीत, आणि जिथे रंग आहेत तिथे जगभरची गर्दी. डोक्यात चक्र फिरतंय नुसतं.

२० ऑक्टोबर

कापलं!

सकाळी कापडाची कात्री घेतली आणि जाड्या पुस्तकात घातली. पुस्तिका म्हणजे माप, जाडं पुस्तक म्हणजे कापडाचा ताका. मापात बसेल तेवढंच काढायचं. जो कालव्यावर येतो, त्याचंच चित्र. एक पक्षी, एक पुठ्ठा, खाली जाड पेनने नाव. पहिला कट मारताना डोळे मिटले, खोटं कशाला बोलू. मग सरसर. खंड्या, टिटवी, ढोकरी, धोबी.

मास्तर बघत होते. अडवलं नाही. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला तर जेवण टाकणारा माणूस!

२२ ऑक्टोबर

भाऊजी आले, ढीग बघितला आणि मटकन बसले. “वहिनी! पुस्तक कापलंत? एवढं सुंदर पुस्तक?”

“कापड कापल्याशिवाय कपडा होतो का, भाऊजी?”

 भाऊजींनी चहा गार केला. मग जाता जाता एक पुठ्ठा हातात घेऊन म्हणाले, “हा पाणकावळा उलटा चिकटवलाय.”

२७ ऑक्टोबर

कालव्याच्या कट्ट्यावर एक नवा पाहुणा. शेपूट सारखी वरखाली. धोबी! एवढं मलाही आता कळतं. पोट पिवळंधमक. मी पुठ्ठा उचलला, “हा पिवळा धोबी ना?”

“बरं.”

रात्री पुस्तिका उघडली. पिवळं पोट दोघांचं असतं. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट, करड्या धोब्याची करडी. मी बघितली ती करडीच होती, चांगली राखेसारखी. म्हणजे तो करडा धोबी होता, आणि मी चुकले होते. ढळढळीत.

आणि मास्तर बरं म्हणाले. दुर्बीण न लावता पंखाच्या पट्टीवरून पक्षी ओळखणारे मास्तर!

३१ ऑक्टोबर

काही लिहावंसं वाटत नाही. थेरपिस्ट म्हणाली, “प्रयत्न सोडू नका.” हे ती मागच्या वेळी हसून म्हणाली होती.

३ नोव्हेंबर

पुठ्ठे टोपलीत टाकून टोपली कपाटावर ठेवली. दुपारी मास्तर कपाटाकडे बघत बसले. बघत, बघत, शेवटी माझ्याकडे. काढली परत.

लेक फोनवर म्हणते, “आई, आता असंच राहील असं धरून चाल. त्रास कमी होईल.” तिचंही बरोबर असेल. पण मला नाही धरून चालता येत! उसवलेलं दिसलं की हात शिवशिवतात, त्याला मी काय करू?

६ नोव्हेंबर

आज आमचं भांडण झालं.

धोबी पुन्हा कट्ट्यावर आला होता. मी पुठ्ठा उचलला आणि यावेळी अगदी खात्रीने म्हटलं, “करडा धोबी.”

“नाही.”

मला आधी वाटलं, रस्त्यावरून कोणी बोललं. मास्तरांनी डावा हात खुर्चीवर आपटला. “नाही! पि... पिवळा.” आणि पिवळ्या धोब्याच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून ठकठक ठकठक.

मी काय करायला हवं होतं? पाया पडायला हवं होतं. पण पाठ करडी होती! समोर दिसत होती! मी म्हटलं, “चुकताय तुम्ही. पाठ बघा, पाठ.” तर “नाही!” मी पुस्तिका नाकासमोर धरली, तर ती भिरकावली. मीही आवाज चढवला. धोबी बिचारा उडून गेला.

त्यानंतर दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. मी विचारलं, जेवायला वाढू का? तोंड फिरवलं. “बरं”सुद्धा नाही.

रुसलेत!