हिरव्या दाराचा गोठा

बुधवार, १२ नोव्हेंबर १९९७. बारामती

गुरांच्या डॉक्टरला निरोप लवकर मिळावा म्हणून दूध संघानं माझ्या जीपमध्ये वायरलेस बसवला, त्याला आठवडाच झाला. आज भिगवणकडे जाताना त्यावरून ऑफिसातले पत्ता सांगत होते. गाय अडलीय, पिंपळ ओलांडला की डावीकडे, हिरव्या दाराचा गोठा. ऐकता ऐकता मी मनातल्या मनात वळलो, त्या हिरव्या दारापर्यंत पोचलोसुद्धा. तेवढ्यात शेळी ओरडली आणि मी ब्रेक दाबला. बोनेटपासून हातभर अंतरावर एक म्हातारी, शेळ्या घेऊन उभी.

"माज्याकडंच बघत हुतास की रं," ती म्हणाली. "मग थांबला का न्हाईस?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. नजर खरंच रस्त्यावर होती, वेगही फार नव्हता. मग दिसली कशी नाही?

गाय व्याली, कालवड झाली. गोठ्याचं दार हिरवं नव्हतंच, निळं निघालं. तरी डोळे मिटले की हिरवंच दार दिसतं. म्हातारी कुठल्या बाजूनं रस्त्यावर आली, ते मात्र कितीही आठवलं तरी दिसत नाही.