धाकटीच्या हाताला लागलंय

बाबा,

घाबरू नका. मोरीतलं आणि दारावरचं रक्त खोटं आहे, कॉलेजच्या भुताच्या ट्रेलरसाठी पाकात रंग कालवून केलेलं. खुर्चीवरच्या टॉवेलवरचं मात्र खरं आहे. धाकटीच्या हाताला लागलंय. चौकातल्या दवाखान्यात टाके घालतायत, आई तिच्याजवळ आहे. मी कपडे न्यायला आले होते. तुमचा फोन लागत नाहीये, म्हणून लिहून ठेवतेय.

पुठ्ठ्याचा सुरा कॅमेऱ्यात अगदीच खोटा दिसत होता, म्हणून तुमच्या सुतारकामाच्या हत्यारांच्या पेटीतली धारदार पटाशी घेतली. चादरीच्या झग्यात धाकटीचा पाय अडकला आणि ती पटाशीवरच पडली. ती ओरडत होती, "ताई, थांब, खरंच लागलंय!" आणि मी म्हणत होते, "मस्त! अजून जोरात!" सगळं आधीच लाल होतं, मला कळलंच नाही.

बाकीची बोटं हलतायत. करंगळीचं डॉक्टर उद्या सांगतील.

पटाशी आपणच काढली, असं तिने आईला सांगितलंय. तुम्हालाही तेच सांगेल. मी तेव्हा गप्प बसले. बाबा, पेटी मी उघडली, तुम्ही बजावलं होतं तरी. आता गेल्या गेल्या आईला हेच सांगणार आहे. धाकटीला काही बोलू नका.

लवकर या.

थोरली