तुतीच्या लाकडातलं एक कडं

करमाड,
रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय राजेंद्र,

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज वहीची पानं फाडून बसलोय. फोन करता आला असता. तुझा नांदेडचा नंबर सुरेखानं रत्नमालावहिनींकडून कधीच घेऊन ठेवलाय. पण तू 'बोल पुंडलिक' म्हणशील आणि मी थंडीवाऱ्याचं बोलून ठेवून देईन, हे मला पक्कं ठाऊक आहे. सुरेखालाही ठाऊक आहे, बायकोच ती; वही तिनंच समोर आणून ठेवली.

तू शाळेत जिला तिरंदाजी शिकवायचास ती मोनिका माझ्याकडं येते, हे तुला आधी सांगायला हवं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती एकदम माझ्या सुतारकीच्या दुकानात येऊन उभी राहिली. आता वीस वर्षांची आहे, शहरात कॉलेजला जाते. डावा डोळा गेल्यापासून मान थोडी वळवून बघते, एवढंच. म्हणाली, "काका, मला पुन्हा नेम धरायचाय. उजवा डोळा शाबूत हाये. पण धनुष्य माझं मी करणार. लाकूड कसं निवडायचं ते तेवढं शिकवा." नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि हातानं मात्र स्टूल पुढं सरकवलं. तिला नाही म्हणायला मी कोण?

मग दर रविवार. तू शाळा सुटल्यावर माझ्या दारात उभा राहून जे ऐकायचास, तेच सगळं तिला सांगितलं. झाड दरसाल एक कडं चढवतं. पाऊस चांगला झाला की कडं जाड आणि घट्ट, ओढ दिली की बारीक आणि भुसभुशीत. धनुष्याची पाठ, म्हणजे नेमाकडं तोंड करून असते ती बाजू, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच कड्याची पाहिजे. वरची कडी सोलत जायचं आणि एक जाड कडं गाठलं की त्याचा पिच्छा सोडायचा नाही. ते गाठीवर चढलं तर आपणही चढायचं, उतरलं तर उतरायचं. दौलताबादच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा तोडलेल्या तुतीचा ओंडका अजून माझ्याकडं आहे. त्याचं तोंड तिनं पाण्यानं पुसलं आणि बोट ठेवून मोजत गेली. एका जागी थांबली. "ही दोन बारीक कडी चौदा-पंधराची ना काका? आपल्याकडं टँकर यायचे तेव्हाची?" मी व्हय म्हणालो. पोरगी झाड वाचायला शिकली होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता रे. मी ओंडका भिंतीकडं फिरवून ठेवला.

कारण आपलं धनुष्यही त्याच झाडाचं होतं. तुला आठवत असेल, बांबूची धनुष्यं ढिली पडली होती. तू म्हणालास, जिल्ह्याच्या स्पर्धेला मोनिकाला एक चांगलं लाकडी करून दे. मी आठ दिवस त्याच्यामागं होतो. शेवटच्या दिवशी तू दोनदा येऊन गेलास. सकाळी सहाला गाडी निघायची होती.

मागच्या महिन्यात मोनिका फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. सोडलं तर तिचा डोळा घेऊन गेलेल्या त्या धनुष्याचे दोन तुकडे. तिच्या बापानं माळ्यावर ठेवले होते. म्हणाली, "आता मला येतंय. कुठून गेलं ते बघू." मी म्हणालो, जुनं कशाला उकरते? तिनं ऐकलं नाही. खालच्या टोकापासून अंगठा सरकवत वर आली. वरच्या अर्ध्यात मी हौसेनं लाल दोरा गुंडाळलाय असं तुला तेव्हा वाटलं होतं. तो दोरा तिनं नखानं उसवला. त्याच्याखाली गाठ होती, आणि तुटलेली कडही तिथंच. ती वाकली, तुकडा उजव्या डोळ्याजवळ नेला आणि गाठीवरून नख फिरवलं. बाहेर जालना रोडवर गाड्या चालल्या होत्या. मग हळूच म्हणाली, "काका, इथं दोन कडी दिसतात. वरचं कापलं गेलंय." आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "हे तुम्हाला तेव्हा दिसलं होतं?"

मी व्हय म्हणालो.

ती रडली नाही, ओरडली नाही. तुकडे गुंडाळले आणि गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापक आता नवे आहेत. सगळं सांगितलं, लिहून देतो म्हणालो. चांगला माणूस आहे, चहा पाजला. म्हणाला, "पुंडलिकराव, ती चौकशी संपली. सरांनी स्वतः कबूल केलं, राजीनामा दिला. त्या जागेवर दुसरे सर आले. आता हा कागद मी ठेवू कुठं?" तिथून मोनिकाच्या घरी गेलो. तिचा बाप शेंद्र्याच्या कंपनीतून पाळी करून नुकताच आला होता. त्यानं उभ्या उभ्या ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही सांगून मोकळे झालात. आम्ही काय करावं?" आणि आत गेला.  

त्यानंतर तीन रविवार मोनिका आली नाही. आज आली. स्टूलवर बसली नाही, दारातच थांबली. म्हणाली, "सरांना तुम्ही लिहा. मी फोन केला होता. ते म्हणतात, तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस. माझं खरं धरत नाहीत." एवढं बोलून गेली. पुन्हा येईल की नाही, मी विचारलं नाही.

म्हणून हे पत्र, राजेंद्र. चौकशीत तू उभा राहून म्हणालास, 'चूक माझी, मी तिला दोर दोन बोटं जास्त ओढायला लावलं,' तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. तू एकदा वळून माझ्याकडं बघितलंस. मी खाली बघितलं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी गाठीवरून रंधा सरळ फिरला आणि कडं कापलं गेलं. ते सोडून खालचं धरावं तर खाली ती दुष्काळाची दोन कडी, कामाची नव्हेत. दुसरं लाकूड घ्यायचं म्हणजे स्पर्धा जाणार. मी पॉलिश पेपर मारला, वर दोरा गुंडाळला आणि दारात आलेल्या तुझ्या हातात दिलं. तू विचारलंस, पक्कं आहे ना? मी म्हणालो, पक्कं आहे. धनुष्य तुझ्या दोन बोटांनी तुटलं नाही. तू तिला दोन बोटं कमी ओढायला लावलं असतंस, तरी त्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ते तिथंच गेलं असतं. तिचा डोळा मला आणता येत नाही. तुझं मैदान, तुझी पोरं, तुझी तीन वर्षं, यातलं काहीच मला परत करता येत नाही. वहिनी सुरेखाला म्हणाल्या, तू मेव्हण्याच्या दुकानात फरशा मोजतोस आणि घरच्या लेकीला साधा चेंडूही फेकायला शिकवत नाहीस. तिला शिकव. तुझ्या शिकवण्यात खोट नव्हती, माझ्या लाकडात होती.

तुझाच म्हणवून घ्यायला आता जीभ रेटत नाही, तरी तुझाच,
पुंडलिक