मेव्हण्याचा चकचकीत अमोनाइट

नाशिक, रविवार, ७ फेब्रुवारी १९९९

संध्याकाळी मेव्हण्याकडे गेलो. गेल्या महिन्यात नर्मदेपलीकडे, बाघ गावाजवळच्या नदीपात्रात त्याला सापडलेला अमोनाइट टीव्हीवर ठेवलाय. चकचकीत! गाढवाने पॉलिश पेपरने घासून वर व्हार्निश मारलंय. कोट्यवधी वर्षं समुद्राच्या गाळात दगड होऊन टिकलेला शंख याने एका दुपारीत संपवला. त्यावरच्या नागमोडी रेषांवरून तर त्याची जात ओळखतात. त्या गेल्या.

"नक्की कुठे मिळाला होता? वाळूत सुटा, की काठाच्या थरात?"

"नदीत हो, दाजी! लघवीला बसलो होतो, समोरच दिसला."

आमच्या गोदावरीत सगळा लाव्हाचा काळा पाषाण, सागरी काही मिळणं शक्यच नाही. म्हणून इतकी वर्षं आग्रा रोडने तिकडे खेपा घालतोय. अख्खा अमोनाइट मला एकदाही मिळालेला नाही. आणि हा, सहल म्हणून माझ्यामागे आलेला... व्हार्निश!

"एवढा आवडलाय तर घेऊन जा की," म्हणाला.

"घासलेला दगड मी संग्रहात ठेवत नाही."

खरंच ठेवत नाही. पण न घासता दिला असता, तर या माणसाच्या पाया पडलो असतो. याच्या!