यल्लम्माच्या माघारीवरची माझी सही

मी, प्रभुलिंग हावगेप्पा बिरादार, वय ७१, राहणार भालकी, एकेकाळचा राज्य बुद्धिबळ विजेता आणि त्यानंतर तीस वर्षं लोकांच्या हक्कांसाठी ओरडत फिरलेला माणूस, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवतो. माझ्यावर कुणाचा दाब नाही. मनाचा आहे, पण तो कायद्यात बसत नाही.

१. शेत मुलगी शैलश्रीला. जावयानं त्यात ऊस लावू नये. लावणारच, तरी लिहितो.

२. बुद्धिबळ सामन्यांचं घड्याळ माझा जुना प्रतिस्पर्धी व्यंकट याला. अंतिम डावात त्यानं उंटाला हात लावून घोडा उचलला, मी पंचांना बोलावलं, तेव्हापासून अबोला आहे. हात लावलेलंच मोहरं खेळायचं, हा नियम माझ्याच बाजूनं होता. घड्याळ मात्र घे बाबा.

३. राहतं घर औराद तालुक्यातल्या यल्लम्माला. कारण लिहिणं भाग आहे. तिच्या गावात पंचायतीच्या जागा देवळात लिलाव करून वाटायचे, मतदान व्हायचंच नाही. माझ्या सांगण्यावरून तिनं उमेदवारी अर्ज भरला. गावानं वाळीत टाकलं, गिरणीवाला तिची ज्वारी दळेना. ती डगमगली नाही, मी डगमगलो. पुढारी म्हणाले, यंदा सोडा, पुढच्या वेळी मतदान घेऊ. मी तिला न विचारता होकार देऊन आलो. प्यादं देऊन डाव वाचवायची जुनी खोड! माझ्या शब्दाखातर तिनं माघारीवर सही केली. अधिकाऱ्यानं विचारलं, "स्वखुशीनं ना?" ती गप्प राहिली. "होय" मी म्हणालो आणि साक्षीदार म्हणून सही ठोकली. शांततेनं तोडगा काढला म्हणून माझा सत्कार झाला, शालही घेतली. लाज वाटते. ती पुढची वेळ आजवर आली नाही. माझी ती साक्ष खोटी होती.

एवढं लिहून झाल्यावर यल्लम्माला बोलावून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अण्णा, घर देऊन सुटायलाव व्हय? मला न्हाई पायजे. ह्या कागदाला साक्षीदार मी राहते."

साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही घेता येत नाही, असं वकील बसवप्रभूंनी तिला दोनदा समजावलं.

"मग घर खोडा. त्या दिशी माझं खोटं तुम्ही सांगितलाव. आज तुमचं खरं मी सांगते."

मला माफ केलंस का, असं मी विचारलं. तिनं पेन मागितला.

सबब घर शैलश्रीला. कलम ३ मधला बाकी मजकूर कुणीही खोडू नये.

स्थळ: भालकी, जि. बिदर
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४
(सही) प्रभुलिंग हावगेप्पा बिरादार

आमच्यासमक्ष सही झाली:
१. (सही) बसवप्रभु पाटील, वकील
२. (सही) यल्लम्मा